नवसाचा कोंबडा

“उंचावर चढलास की देवाचं नाव घे,” आईनं बजावलं होतं. पण आज युफ्रॉन स्वतःच देव होता! अथेन्सच्या नाटकात अपोलो बनून तो यारीच्या दोराला लटकत खाली येत होता. तेवढ्यात दोर करकरला.

“देवा, पाय झाडू नका, दोर जुना आहे,” मागून यारीवाला फिलेमॉन कुजबुजला.

“मानवांनो, भिऊ नका, मी तारणारा आलोय!” युफ्रॉन मुखवट्यातून गरजला आणि मनात म्हणाला, ‘अस्क्लेपिओसा, वैद्यांच्या देवा, माझे पाय धड राहू देत, कोंबडा वाहीन.’

दोर टिकला. हजारो माणसं भक्तीनं रडली.

 

नाटक सुटलं, आणि सोनेरी झग्यातला अपोलो काखेत कोंबडा घेऊन शेजारच्या देवळाकडे, स्वतःच्याच लेकाला, अस्क्लेपिओसला बोललेला नवस फेडायला मुकाट्यानं निघाला.