ब्लोअरचा पाऊस

ब्लोअरची टाकी तीन वेळा धुऊन झाली होती. तिसऱ्या पाण्याला औषधाचा वास आला नाही, तरीही अंकितानं ते बांधाकडेला सोडलं आणि चौथं पाणी भरायला नळी लावली.

द्राक्षांवर औषध मारायचं हे यंत्र ट्रॅक्टरच्या मागं जोडलेलं होतं. त्याचा पंखा वारा आणि पाणी एकदमच फेकतो. आज त्याच्यासमोर वेल नव्हते. बेदाणा शेडमागच्या मोकळ्या जागेत एक हिरवा तंबू उभा होता. चौदा वर्षांच्या अंकितानं तो एकटीनं बांधला होता.

ट्रॅक्टरवर तिचे आजोबा, नानासो. शेडच्या सावलीत उलट्या क्रेटवर त्यांच्या थोरल्या वहिनी, बनाबाई. सांगलीला निघायचं म्हणून त्या नवं इरकल नेसून आल्या होत्या आणि पाचच मिनिटं थांबणार होत्या.

"गेल्या साली बी तंबूच हुता की," त्या म्हणाल्या. "वळीव आला आन् रेश्मा रातभर भिजली. पंधरा दिस तापली पोरगी. यंदा न्हाई पाठवायची."

रेश्मा त्यांची नात. ती जाणार नसेल तर गल्लीतल्या बाकीच्या चार मुलींनाही घरून नकारच होता. मग कोयनेकाठच्या शिबिराला अंकिता एकटी कशी जाणार? सहाजणींसाठी असे तीन तंबू न्यायचे ठरले होते.

"तो भाड्याचा होता आजी, एकाच कापडाचा," अंकिता म्हणाली. "ह्याला दोन कापडं आहेत. वरच्यावर पाऊस पडतो, आतल्यात आपण झोपतो. तळ बघा, टोपलीसारखा वर वळलाय. खालून पाणी शिरत नाही."

"मग एवढा स्वस्त कसा? गड चढत फिरणाऱ्या आपल्या दिग्विजयच्या एका तंबूच्या पैशात तुझे तीन येत्यात म्हनं."

"दिग्यादादाचा वजनाला हलका आहे. त्याला पाठीवर घेऊन गड चढायचा असतो. ह्याच्या दांड्या जड आहेत, पण आपल्याला कुठं चढायचंय? आपण एसटीनं जाणार."

बनाबाईंनी नानासोंकडं पाहिलं. नानासो स्टिअरिंगकडं पाहत होते.

अंकितानं आत वर्तमानपत्रं अंथरली, चेन ओढली आणि हात वर केला. पंखा घरघरला. पाण्याचा पांढरा लोट तंबूवर आदळला. तंबू एका अंगाला दबला, थरथरला, पुन्हा उभा राहिला. पाच मिनिटांनी नानासोंनी ब्लोअर बंद केला.

तीन कोपऱ्यांतले कागद कोरडे होते. चौथ्यातला भिजून तळाला चिकटला होता.

"झालं?" बनाबाई उठल्या. "चला, माझी गाडी चुकंल."

अंकिता गुडघ्यांवर आत गेली. शिवणीवरून बोट फिरवलं, बोट कोरडं. कापड हातानं वर ढकलून पाहिलं. मग बाहेर येऊन त्या कोपऱ्याची दोरी बोटांनी छेडली. दोरी लोंबत होती.

नानासोंना ती दोरी मघापासूनच दिसत होती. ते ट्रॅक्टरवरून उतरले नव्हते.

"नाना, तंबू गळला नाही. मीच हा कोपरा ढिला सोडला. वरचं कापड आतल्याला टेकलं आणि तिथून पाणी झिरपलं."

"मग?"

तिनं आजूबाजूला पाहिलं. समोर बागेच्या कडेचे लोखंडी अँगल उभे होते, तारांचा ताण घेण्यासाठी बाहेरच्या अंगाला कललेले. तिनं खुंटी उपसली. तशीच तिरकी करून पुन्हा ठोकली, वर दगड ठेवला आणि दोरी आवळली. मग उरलेल्या तीनही खुंट्या तशाच केल्या. घाई केली नाही.

"आजी, आता कागद नको," ती म्हणाली. "तुम्हीच बसा आत."

"मला भिजिवतीस व्हय गं? नव्या इरकलात?"

"भिजलात तर मी रेश्माचं नावसुद्धा काढणार नाही."

बनाबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि वाकून आत शिरल्या.

"लावा भावजी!"

पुन्हा लोट आदळला. अंकिता त्या कोपऱ्यापाशीच उभी राहिली. कापड कापडाला टेकतं का, ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं. पाणी तिच्या तोंडावर, मानेवर, वेण्यांवर मारत होतं. ती हलली नाही. पाच मिनिटं झाली. पंखा थांबला.

"एवढंच?" आतून आवाज आला. "आवं, मागनं बी मारा की!"

नानासोंनी हसत ट्रॅक्टर वळवला. अंकिताही मागच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

शेवटी चेन उघडली. बनाबाई बाहेर आल्या. त्यांनी आधी केसांवरून हात फिरवला, मग निऱ्या चाचपल्या, मग पदर. सगळं कोरडं. समोर अंकिता नखशिखान्त निथळत होती आणि त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"तिथं तंबू कोन बांधनार हाय?"

"मी."

"सगळे?"

"तिन्ही. झोपायच्या आधी एकेक दोरी बघून येणार."

बनाबाईंनी तिला हाताला धरून जवळ ओढलं. नव्या इरकलाचा पदर सोडला आणि तिचं डोकं खसाखसा पुसायला सुरुवात केली. पदर ओला झाला तो तेव्हा.