टेशनवरची बाई

शेजारची नसीमबी मुलालाच, फारुखला, घेऊन आली, तेव्हा उत्तरेश्वरांना दार उघडण्यावाचून इलाज राहिला नाही. फारुखचं बेंबळीच्या स्टँडवर कॉम्प्युटर आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. हत्यारांची पिशवी त्याच्या खांद्यालाच होती.

"दादा, आज मी काय ऐकायची न्हाय," चप्पल काढता काढता नसीमबी म्हणाली. "मशीन बिघडली, मशीन बिघडली, किती दिस सांगता? घरात कारागीर असून म्या अशीच बसू व्हय?"

"जुनी झालीय ती. जाऊ द्या."

"कशी जाऊ देऊ? तुमच्या शिवूनं मला ईदला पुस्तक भेट दिलंय. पुण्यातनं बटन दाबलं अन् तुमच्या मशीनीत येऊन पडलं म्हनं. माझी ईदी अडकवून ठेवताय तुमी."

शिवू म्हणजे उत्तरेश्वरांची मुलगी शिवांजली. आईची, कस्तुराबाईंची, नजर अधू झाली तेव्हा तिनं घरात कॉम्प्युटर आणून ठेवला आणि दर वाढदिवसाला आईला ई-पुस्तक भेट पाठवायला लागली. त्यातली अक्षरं चिंचोक्याएवढी करता येत. दुपारी कस्तुराबाई मोठ्यानं वाचायच्या आणि शेजारची नसीमबी ज्वारी निवडत ऐकायची. तिला मराठी वाचता येत नव्हतं. उन्हाळ्यात कस्तुराबाई गेल्या. पुस्तक अर्ध्यात राहिलं.

"अन् ती अर्ध्यात ऱ्हायलेल्या पुस्तकातली बाई," नसीमबी म्हणाली, "टेशनवर भावाची वाट बघत बसलेली. भाबी गेल्या तवापासनं बिचारी तिथंच हाय. जवळ पान्याचा थेंब न्हाय. मला तिची लई काळजी लागती, दादा."

उत्तरेश्वरांनी मान खाली घातली.

मशीन बिघडलेली नव्हती. रोज सकाळी ते ती सुरू करत. कस्तुराबाईंनी सोडलेलं पान समोर येई. ते बघून पुन्हा बंद करत. मशीन शेवटचं उघडलेलं पान तेवढं ध्यानात ठेवते, हे त्यांना माहीत होतं. आपण एक पान जरी पुढं गेलो तरी कस्तुरा थांबली ती जागा कायमची जाईल, असं त्यांना वाटायचं. म्हणून नसीमबीशी एकदा खोटं बोलले. मग बोलतच राहिले.

फारुखनं वरचं कापड काढलं. बटण दाबलं. मशीन निमूटपणे सुरू झाली आणि पान समोर आलं.

पडद्याच्या मधोमध एक मोठी लाल टिकली चिकटलेली होती. "काच पुसून घेतो, काका," म्हणत फारुखनं तिला नख लावलं.

"हात लावू नको!"

उत्तरेश्वर एवढ्या जोरात ओरडले की फारुख मागं सरला. टिकली कस्तुराबाईंची होती. पहिल्याच दिवशी चहा ठेवायला उठताना, कुठवर वाचलं त्याची खूण म्हणून त्यांनी ती ओळीवर चिकटवली. नंतर पान पुढं गेलं आणि टिकली होती तिथंच राहिली. उत्तरेश्वर पोट धरून हसले होते. "अगं, ही काय पोथी हाय का?" कस्तुराबाईंना राग आला. मग त्यांनी ती काढलीच नाही.

फारुखनं पिशवी न उघडताच पुन्हा खांद्याला अडकवली. "वायर ढिली होती, अम्मी," तो म्हणाला. "बसली आता." आणि दुकान उघडं आहे म्हणून निघून गेला. वायरीला त्यानं बोटसुद्धा लावलं नव्हतं.

उत्तरेश्वरांना वर बघवेना. "नसीमबी, ती वायर..."

"वायरीचं ऱ्हाऊ द्या. रोज सकाळी तुमच्या खिडकीत उजेड दिसतो मला."

"मग फारुखला कशाला आणलं?"

"आता मशीन नीट झाली, असं तुमी आपनहून कवा म्हनला असता? कुनीतरी दुरुस्त केल्यागत कराया नको?" तिनं भिंतीला पाठ टेकली. तिची नेहमीची जागा तीच. "वाचा."

उत्तरेश्वरांनी चष्मा लावला. समोरचं पान वाचलं. वाचायची सवय नव्हती, शब्द धक्के खात येत होते. बाई बाकावर बसली होती. शेवटची गाडी येऊन गेली होती. पान संपलं. बोट बटणावर गेलं आणि तिथंच थांबलं.

"पुढं गेलं की हे पान जातं, नसीमबी."

"जातं कुठं? म्या ऐकलंय की ते."

त्यांनी बटण दाबलं. पान गेलं. टिकली जागची हलली नाही.

"अंधारातून कोणीतरी चालत आलं," उत्तरेश्वर वाचू लागले. "तिनं चालीवरून ओळखलं. भाऊ होता."

"आला का!" नसीमबीनं डोळ्यांना पदर लावला. "आला बाबा एकदाचा."

"त्याच्या हातात..." उत्तरेश्वर अडखळले. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं.

"काय झालं?"

"टिकलीखाली शब्द गेलाय. दिसंना."

"मग घाला की तुमच्या पदरचा. मधनंच एखादा जायाचा. भाबी घालायच्या."

उत्तरेश्वर टिकलीकडं बघत राहिले. नसीमबी वाट बघत होती.

"त्याच्या हातात तांब्या होता," ते म्हणाले. "पाण्यानं भरलेला."