शेडखालची जागा

“गाड्या उचलून नेणारे तुम्हीच ना?” म्हातारीनं जाळीच्या दारामागूनच विचारलं, आणि हेही घर गेलं, असं डेलमार प्रुइटनं मनाशी धरलं.

सकाळपासून हेच चाललं होतं. सॉल्ट वेल्स म्हणजे वाळवंटात टाकलेलं मूठभर गाव. निम्मी घरं शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी राखलेली, आणि उरलेल्यांच्या मालकांची गाडी डेलमारनं कधी ना कधी आकडा लावून ओढून नेलेली. एकानं तर दार उघडलं, तोंड पाहिलं आणि धाडकन दार लावून घेतलं. पोटासाठी करतो म्हटलं, तर ऐकतंय कोण!

आणि आज घर मिळायलाच हवं होतं. किती महिने त्याचा मुक्काम उचललेल्या गाड्या ठेवायच्या कंपनीच्या यार्डात, स्वतःच्या जुन्या गाडीतच होता. काल मालकानं बजावलं, हे यार्ड आहे, धर्मशाळा नव्हे. गाडी सकाळीच तिथून बाहेर पडली होती. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर कातडी सोलून निघावी. गाडीला कुठं सावली मिळाली असेल की नाही, हाच घोर त्याला लागून राहिला होता.

“मीच तो, बाई,” तो म्हणाला. नाही म्हणून भागणार नव्हतं. टो-ट्रक मागं घरघरत उभा होता.

“मग या की आत! असाच माणूस हवा होता मला.”

म्हातारीचं नाव मिसेस केसलर, ती ही इमारत सांभाळायची. इथं फक्त पंचावन्नच्या पुढची माणसं, पोरंबाळं अजिबात नाहीत. रिकामी खोली एकच होती. कूलर खडखडत होता, नळाला गंजकं पाणी. डेलमारला तीच महालासारखी वाटली.

“पार्किंग आहे ना?”

“ट्रक नाही चालायचा हं इथं.”

“ट्रक यार्डात राहतो. माझी गाडी आहे एक.”

“मागं शेडखाली लावा मग. अख्ख्या गावात सावली म्हणाल तर तेवढीच.”

“तिथून मागच्या जिन्यानं थेट वर येता येतं?”

“येतं. का हो, गुडघे दुखतात?”

“दुखतात,” तो म्हणाला. “आणि बाथरूमचं दार फार वाजत नाही ना?”

“अहो, एकटे राहणार तुम्ही, झोप कुणाची मोडणार आहे?” ती हसली. मग एकदम तिचा आवाज बदलला. “एकटेच ना? मागच्या भाडेकरूनं नातवाला आणून ठेवलं होतं. चार दिवसांसाठी आलाय म्हणाला, आणि हलायचं नावच नाही. दोघांना सामानासकट बाहेर काढलं मी. रडत होता बिचारा. मलाही वाईट वाटतं हो, पण नियम म्हणजे नियम.”

“एकटाच आहे, बाई,” डेलमार म्हणाला. “माझं कोण आहे?”

तिनं किल्ली पुढं केली, आणि त्याचा हात पोचायच्या आत मागं घेतली.

“आधी एक काम करा. दुपारपासून तुमच्या त्या जागेत कुणाची तरी गाडी घुसलीय. खिडक्यांना टॉवेल लावलेत मेल्यांनी, आतच संसार थाटलाय बहुतेक. उचला आणि द्या टाकून रस्त्यावर. मग किल्ली तुमची.”

“आत्ता उचलतो.”

हा तर त्याच्या डाव्या हातचा मळ. गाडीच्या आत बघायचं नाही, एवढं पथ्य मात्र तो इतकी वर्षं पाळत आला होता. ट्रक मागं घेताना त्याला हायसं वाटलं. घर मिळालं, सावली मिळाली. मनातल्या मनात तो मागचा जिना चढूनही आला.

मिसेस केसलर वरच्या गॅलरीत कठड्याला रेलून उभी होती. किल्ली तिच्या बोटाभोवती फिरत होती. डेलमारनं साखळी सोडली, आकडा हातात घेतला आणि शेडखाली वाकून पाहिलं. आकडा हातातच राहिला.

खिडकीवरचा टॉवेल हलला. पुढं घामाघूम होऊन झोपलेल्या आईच्या अंगावरून वाकून एका चिमुरडीनं काच खाली केली. ट्रक बघून तिचा चेहरा फुलला, आणि पार वरच्या गॅलरीपर्यंत ऐकू जाईल अशी ती ओरडली,

“आजोबा! मिळालं का घर आपल्याला?”