पुसलेला माणूस

लेकीच्या बोरन्हाणाला शलाकाने सगळ्या मजल्याला बोलावलं होतं, फक्त समोर नव्याने राहायला आलेल्या बर्व्याला सोडून. पण सासूबाईंनी त्यालाही आग्रहाने आणलंच.

"आपण कुठे भेटलोय का?" त्याने शलाकाला विचारलं. नजर अगदी निर्मळ होती.

"नाही," ती म्हणाली.

लहानपणी ती याच माणसाकडे पेटी शिकायला जायची. पुढे तिने कोर्टात त्याच्याकडे बोट दाखवलं, तेव्हा तुरुंगाऐवजी त्याच्या डोक्यातून तो गुन्हाच पुसून टाकण्यात आला. कायद्याच्या लेखी माणूस नवा झाला. त्याचं जुनं कर्म जो कुणी त्याला किंवा इतरांना सांगेल, त्या सांगणाऱ्याला मात्र तुरुंग होता.

पोरं बोरं वेचायला तुटून पडली. हलव्याचे दागिने घातलेली ओवी पाटावर बसून टाळ्या पिटत होती. बर्वे वाकून तिची बोटं निरखू लागला.

"हिची बोटं पेटीसाठीच घडलीत," तो हसत सासूबाईंना म्हणाला. "एकटीलाच पाठवा. आई जवळ असली की मुलं लाजतात."

शलाकाच्या हातून चुरमुऱ्यांचा वाडगा निसटला. तिच्या आईलाही त्याने हेच सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत.

"उद्यापासूनच पाठवते," सासूबाई म्हणाल्या.