सत्तावीस, हजर

"सत्तावीस!"

"हजर."

खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता खूण केली. "अठ्ठावीस!"

"हजर," ती म्हणाली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या सत्तावीसवाल्याकडे रोखून पाहिलं. तो वर्तमानपत्र वाचत होता. तेही जुनंच.

हृदयाच्या त्या सरकारी रुग्णालयात माणसं एकमेकांना नंबरानेच ओळखत. पेशंट समोरच्या भाड्याच्या खोल्यांत पडून असत आणि नातेवाईक रोज आठला येऊन हजेरी देत. एक हजेरी चुकली किंवा पेशंट दगावला की नंबर रद्द. ती जागा मग मुख्य कार्यालयाच्या यादीला जायची. त्या यादीतलीही माणसं आजारीच असणार, पण या बाकावर ती कधी कोणी पाहिली नव्हती. फट एकच होती. ऑपरेशनच्या दिवशी टेबल रिकामं ठेवायचं नाही असा नियम होता. ज्याचा नंबर, तो ऐनवेळी आलाच नाही, तर बाकावरचा पुढचा आत. म्हणून त्या सकाळी पुढच्या नंबरालाही उपाशीपोटी आणून बसवत.

येत्या गुरुवारी सत्तावीस. त्यानंतर थिएटर दुरुस्तीसाठी चार महिने बंद.

अठ्ठावीस म्हणजे तिची धाकटी बहीण. वय एकवीस, हृदयाची झडप निकामी, एक जिना चढताना तीनदा बसायची. डॉक्टर "दोन महिने" म्हणाले होते आणि पुढचं काही बोलले नव्हते.

ती शिवणकाम करायची. माणसाच्या चेहऱ्याआधी तिला त्याचे कपडे दिसत. सत्तावीसवाल्याच्या शर्टाचं तिसरं बटण दोन आठवड्यांपासून गायब होतं.

"काका, बटण तेवढं लावून घ्या. काकूंना जमत नसेल तर द्या इकडे."

"सांगतो तिला," तो म्हणाला आणि पान उलटलं.

पूर्वी हा माणूस दर दोन तासांनी औषध द्यायला रस्ता ओलांडून धावायचा. परत आला की आपणहून सांगायचा, आज दोन घास जास्त गेले, आज झोप लागली. आता सकाळी टेकला की दुपारपर्यंत जागचा हलत नव्हता. त्याची खोली या बहिणींच्या खोलीला लागून होती, मध्ये नुसती फळ्यांची भिंत. तिकडचा खोकलाही थांबला होता. एका दुपारी अ‍ॅम्ब्युलन्स आली, बाईला घेऊन गेली आणि बाई पुन्हा परतली नाही, एवढं घरमालकिणीकडून कळलं होतं.

"खासगीत टाकली असणार," चौतीस नंबरवाली म्हणाली. "हा इथे नंबर धरून बसलाय. दोन्ही डगरींवर हात!"

ते थोरलीच्या डोक्यातून जाईना. रात्रभर धाकटी उशांना टेकून बसल्या बसल्या धापा टाकत होती. सोमवारी तिने सरळ अर्ज लिहिला आणि खिडकीतून आत सरकवला. सत्तावीसची पेशंट इथे नाही, चौकशी व्हावी.

कारकुनाने तो दोनदा वाचला. "ताई, नंबर रद्द झाला तर तुम्हाला मिळणार नाही. वर जाईल. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. जाऊ दे. पण याला तरी का मिळावा?"

कारकुनाने कागदाची घडी घातली आणि तो तिच्याकडे परत सरकवला. "अर्ज शुक्रवारी घेतो."

"शुक्रवारी काय उपयोग?"

"या आठवड्यात शुक्रवारीच घेतो," तो म्हणाला आणि खिडकी लावून घेतली.

गुरुवारी सातला पुकारा होता. धाकटी शालीत गुरफटून बसली होती. ओठ निळसर, पोटात पाण्याचा थेंब नाही. सत्तावीसवाला नेहमीच्या टोकाला होता. एकटाच.

"सत्तावीस!"

तो खाली फरशीकडे पाहत होता.

"सत्तावीस!"

"अहो काका, तुमचा पुकारा!" तिच्याही नकळत तिच्या तोंडून गेलं. तो हलला नाही. फक्त हात उचलून त्याने शर्टाची उघडी जागा मुठीत धरली.

तिसऱ्यांदा पुकारा झाला. मग कारकुनाने मागच्या पानावर उठेल इतकं दाबून लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलं, "सत्तावीस, गैरहजर. अठ्ठावीस!"

ती अजून सत्तावीसवाल्याकडेच पाहत होती. धाकटीनेच उत्तर दिलं, "हजर."

चाकाची खुर्ची आली. सही झाली. दार उघडलं आणि धाकटीला आत घेऊन मिटलं.

बाकावर दोघंच उरली. शुक्रवारी द्यायचा अर्ज तिच्या पिशवीत होता. ती उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"काकू?"

"सोळा दिवस झाले तिला जाऊन," तो म्हणाला. "गुरुवारपर्यंत हजेरी चुकवू नका, म्हणाली होती. तुमच्या धाकटीची धाप तिला भिंतीतून ऐकू यायची."