ठरलेलं उत्तर

सकाळी वॉल्विस बेच्या खाडीत पाहुण्यांना सील दाखवायचे, दुपारी नामिब वाळवंटातल्या वाळूच्या डोंगरांवरून जीप सोडायची. परतताना समुद्र आणि वाळूच्या कड्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर इंजिन मुद्दाम बंद करून मी रेडिओवर ओरडतो, "मथेउस, गाडी रुतली, भरती चढतेय!" कड्यापलीकडच्या गाडीतून माझा जोडीदार मथेउस ठरलेलं उत्तर देतो, "आज नाही जमायचं, उद्या ओहोटीला येतो." पाहुणे पांढरेफटक पडले की मी किल्ली फिरवतो. अकरा वर्षं हेच चाललंय.

आजही ते नाटक झालं, किल्ली फिरवली, तर इंजिन हूं की चूं करेना. पुन्हा फिरवली. पुढची चाकं पाण्यात गेली.

मागच्या बाईंनी हसत मोबाइल काढला. "चालू द्या हाफेनी, आम्ही या गमतीबद्दल सगळं वाचून आलोय."

मी रेडिओ उचलला. "मथेउस, आईशपथ सांगतो, खरंच बंद पडलीय. दोर घेऊन ये."

रेडिओ खरखरला.



"आज वन्स मोर मिळाला वाटतं," मथेउस खुशीत म्हणाला. "बरं, उद्या ओहोटीला येतो." आणि त्याने रेडिओ बंद केला.