चाळीस पाखरं जास्त

टेंभुर्णीजवळ उजनी धरणाच्या फुगवट्याला शहाजी आणि त्याचा चुलतभाऊ सिद्धराम यांची रानं लागून आहेत. पाणी ओसरलं की दोघंही काठच्या चिखलात ट्रॅक्टर घालायचे. तिथं पक्षी उतरतात, तेवढी जागा सोडा, हे सांगायला वनखात्याची तीन भाषणं झाली. दोघांनी तिन्ही वेळा चहा घेतला आणि घरी जाऊन पेरणी केली.

यंदा वनरक्षक कौसर मॅडम शहाजीच्या बांधावर आल्या, दुर्बिणीतून बघितलं आणि सहज म्हणाल्या, "शहाजीदादा, सिद्धरामदादांकडं तुमच्यापेक्षा चाळीस रोहित पक्षी जास्त उतरलेत की."

शहाजीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं ठरवलेला ट्रॅक्टर परत पाठवला, कुत्री बांधून घातली आणि काठावर जाळी टाकणाऱ्यांना हुसकावून लावलं.

"अवो, पेरा की!" बायको विजयमाला कावली. "वरीसभर काय चिखल खायचा व्हय?"

"एक वरीस न्हाय पेरलं तर कुणी मरत न्हाय," शहाजी म्हणाला. "पर त्या सिद्ध्यापेक्षा आपल्याकडं पाखरं कमी? गावात तोंड कसं दाखवू?"

आठवड्यानं मॅडम पुन्हा आल्या. शहाजीचा न पेरलेला चिखल त्यांनी डोळे भरून पाहिला, गाडीला किक मारली आणि शेजारच्या बांधावर जाऊन थांबल्या.



"सिद्धरामदादा, शहाजीदादांकडं तुमच्यापेक्षा चाळीस जास्त उतरलेत की."